लघवी तुंबलेल्या बोक्याला नेमकं काय खायला घालायचं?

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीतला चार वर्षांचा, नसबंदी केलेला बोका, वजन ५.२ किलो. दहा दिवसांपूर्वी लघवी तुंबली, नळी घालून मोकळी करावी लागली. रिपोर्टवर पीएच (लघवी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ७.५ आणि 'ट्रिपल फॉस्फेट क्रिस्टल्स' असं लिहिलंय. डॉक्टरांनी 'युरिनरी फूड सुरू करा' एवढंच सांगितलं. आजवरचं खाणं म्हणजे दुकानातून किलोवर आणलेलं सुटं कोरडं कॅटफूड, सकाळी दूध-चपाती आणि आठवड्यातून दोनदा सुकट. पाणी बोअरचं. कोणतं फूड, किती, किती दिवस, घरचं जेवण चालेल का आणि हे बोअरच्या पाण्यानं झालं का, हे विचारलंय.

फूडच्या नावावर येण्याआधी तातडीचं सांगतो. एकदा तुंबलेला बोका पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा तुंबण्याची शक्यता बरीच असते. वारंवार वाळूत जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, लिंग चाटतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं की लगेच दवाखाना गाठा. बऱ्याच घरांत 'शी अडकलीय' असं समजून एरंडेल पाजलं जातं आणि त्यात रात्र जाते. लघवी पूर्ण बंद झाली की २४ ते ४८ तासांत रक्तातलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवण्याइतकं चढू शकतं. उलट्या सुरू झाल्या, अंग गार पडलं, तर फारच थोडा वेळ हाताशी आहे असं समजा. पुढे जे काही लिहिलंय ते लघवी मोकळी होत असलेल्या मांजरासाठी आहे.

आता रिपोर्ट. ट्रिपल फॉस्फेट म्हणजे स्ट्रुव्हाइट, मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचा क्षार. धडधाकट मांजराच्या लघवीतही त्याचे स्फटिक सापडतात, त्यामुळे नुसत्या स्फटिकांवरून खडा आहे असं ठरत नाही. नमुना लॅबपर्यंत कसा पोचला तेही विचारा. लघवी तासाभरात तपासली नाही किंवा फ्रीजमध्ये ठेवली, तर बाटलीतच नवे स्फटिक तयार होतात. सकाळचा नमुना माणसांच्या लॅबमध्ये दुपारी लागला असेल तर त्यातल्या क्रिस्टल्सवर फार भरवसा ठेवू नये. डिपस्टिकवरचे, म्हणजे लघवीत बुडवायच्या चाचणीपट्टीवरचे, दोन चौकोनही मांजराच्या बाबतीत सोडून द्यायचे. पांढऱ्या पेशींचा चौकोन बऱ्याचदा खोटाच पॉझिटिव्ह येतो आणि विशिष्ट गुरुत्वाचा, म्हणजे लघवी किती घट्ट आहे ते दाखवणारा, चौकोन भरवशाचा नसतो. गुरुत्व रिफ्रॅक्टोमीटर या लॅबमधल्या छोट्या उपकरणावरच मोजून घ्या, कारण पुढे सगळ्यात उपयोगी पडणारा आकडा तोच आहे.

खडा आहे की नाही हे एक्स-रे आणि सोनोग्राफीवर कळतं. स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेट हे दोन्ही खडे साध्या एक्स-रेवर बहुधा दिसतात. युरेट या तिसऱ्या प्रकारचा सहसा दिसत नाही, त्याला सोनोग्राफी लागते. फोटोत फक्त मूत्राशय येऊन भागत नाही, मूत्रमार्ग, म्हणजे लघवी बाहेर येण्याची नळी, टोकापर्यंत आला पाहिजे. बोक्यात खडा तिथेच अडकतो आणि अर्धवट फोटोत तोच सुटतो. जवळ सोय नसेल तर सातारा-खंडाळ्याकडच्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाण्याआधी फोन करून एक्स-रेची वेळ विचारून घ्यावी.

या फोटोचा आग्रह धरण्याचं कारण असं की दहा वर्षांखालच्या मांजरांत लघवीची तक्रार निम्म्याहून जास्त वेळा ना खड्याची असते ना जंतूंची. मूत्राशयाला आतून सूज येते, तिचं एक ठळक कारण सापडत नाही, आणि ताण, कोंडलेपण, कमी पाणी यांनी ती भडकते. तरुण मांजरात जंतुसंसर्ग क्वचितच असतो. तो दहा वर्षांपुढच्या, किडनी कमजोर झालेल्या मांजरांत जास्त दिसतो. ही बिनखड्याची सूज, नळी तुंबलेली नसेल तर, बहुतेक वेळा पाच-सात दिवसांत आपोआप उतरते. त्यामुळे त्या आठवड्यात जे काही दिलं त्याला श्रेय मिळतं, मग ते अँटिबायोटिक असो, आयुर्वेदिक सिरप असो की नवं फूड. 'आमच्या मांजराला अमुक फूडनं तीन दिवसांत गुण आला' या सल्ल्याची किंमत यावरून ठरवा.

एक्स-रेवर खडा दिसला आणि पीएच, वय, दिसणं यांवरून तो स्ट्रुव्हाइट वाटला, तर ऑपरेशनआधी विरघळवणारं फूड द्यायचं. मांजरातला स्ट्रुव्हाइट बहुतांश वेळा जंतूंशिवायच तयार होतो, म्हणून कुत्र्यासारखा अँटिबायोटिकचा लांबलचक कोर्स त्याला लागत नाही. बाजारात रॉयल कॅनिन युरिनरी एस/ओ, हिल्स सी/डी मल्टिकेअर आणि फार्मिना व्हेट लाइफ स्ट्रुव्हाइट ही नावं भेटतील. फार्मिनाच्या दोन पिशव्या वेगळ्या ओळखा. 'स्ट्रुव्हाइट' नावाची खडा विरघळवण्यासाठी आहे आणि 'स्ट्रुव्हाइट मॅनेजमेंट' ही नंतर सांभाळण्यासाठी. पहिली वर्षभर चालू ठेवणं किंवा दुसरीनं खडा विरघळण्याची वाट पाहणं, दोन्ही चूक. या तिन्ही कंपन्यांत उन्नीस-बीस आहे. तुमच्या गावात महिनोन्महिने खंड न पडता जे मिळेल आणि बोका जे खाईल, ते घ्या. दुकानातल्या साध्या शेल्फवर 'युरिनरी केअर' लिहिलेल्या पिशव्या असतात, त्या फार तर प्रतिबंधासाठी. खडा विरघळवण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नका.

हे फूड तीन कामं करतं: मॅग्नेशियम आणि फॉस्फरस बेताचं ठेवतं, लघवी आम्लाकडे म्हणजे पीएच साधारण ६.० ते ६.५ वर आणतं आणि लघवी पातळ करतं. खडा विरघळायला साधारण दोन ते पाच आठवडे लागतात. पण त्या काळात पोटात दुसरं काहीही जाता कामा नये. निम्मं युरिनरी, निम्मं जुनं असं मिश्रण केलं की पीएच पुन्हा वर सरकतो आणि जुन्या फूडमधलं मॅग्नेशियम परत येतं. 'महिनाभर महागडं फूड दिलं, काही फरक नाही' म्हणणाऱ्या घरात बहुधा आजीच्या हातचं दूध किंवा शेजाऱ्यांकडची मासळी चालू असते. बोका बाहेर फिरत असेल तर हा महिना घरात ठेवा.

खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल तर कुठलंही फूड तो विरघळवत नाही, तो काढावाच लागतो. फूड पुन्हा होऊ नये म्हणून. तिथे जास्त आम्ल लघवी उलट नडते. १९८० च्या दशकात स्ट्रुव्हाइटच्या धास्तीनं कॅटफूड सरसकट आम्ल आणि कमी मॅग्नेशियमचं होत गेलं, तसे स्ट्रुव्हाइट घटले आणि ऑक्झलेटचे खडे वाढले. म्हणून लघवी आम्ल करणाऱ्या गोळ्या किंवा व्हिटॅमिन सी स्वतःच्या मनानं देऊ नका. शरीरात व्हिटॅमिन सीचा काही भाग ऑक्झलेट होऊनच बाहेर पडतो. ऑक्झलेटच्या मांजराचं रक्तातलं कॅल्शियम एकदा तपासून घ्यावं.

खडा नाहीच आणि सूजच आहे असं निघालं, तर फूडच्या नावापेक्षा ओलावा जास्त काम करतो. एका जुन्या अभ्यासात अशा मांजरांना वर्षभर एकाच प्रकारचं औषधी फूड दिलं, काहींना ओलं आणि काहींना कोरडं. ओलं खाणाऱ्यांत ११ टक्के मांजरांना त्रास उलटला, कोरडं खाणाऱ्यांत ३९ टक्के. त्यामुळे खडा असो वा नसो, तुमच्या बोक्याच्या ताटात पहिला बदल पाण्याचा.

हिशोब मांडू. मांजराला दिवसाला किलोमागे ५० मिली पाणी धरा. ५ किलोला २५० मिली, त्यात खाण्यातलं पाणीही आलं. ६० ग्रॅम कोरड्या फूडमध्ये जेमतेम ५ मिली पाणी असतं. मग उरलेलं त्यानं वाटीतून प्यावं लागतं, आणि तेवढं मांजर सहसा पीत नाही. ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये साधारण ८० टक्के पाणी असतं, म्हणजे ६८ मिली. दोन पाऊचचे १३६, प्रत्येकात ४० मिली कोमट पाणी कालवलं तर २१६. उरलेलं तो सहज पितो.

उष्मांकांचं गणितही इथेच. या बोक्याचं योग्य वजन ४.५ किलोच्या आसपास धरलं, तर सावकाश उतरवण्यासाठी २०० ते २२० किलोकॅलरी पुरतात. दोन युरिनरी पाऊच म्हणजे अंदाजे १४० आणि २० ग्रॅम कोरडं म्हणजे ७५. पाकिटावरचा आकडा पाहून दुरुस्ती करा आणि कोरडं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा, वाटीनं नको. वजन कमी करण्याची घाई मात्र पहिल्या महिन्यात नको. आधी फूड अंगवळणी पडू द्या, मग आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे २५ ते ५० ग्रॅम, या गतीनं.

पाऊच रोज परवडत नसतील तर औषधी कोरडं फूड भिजवून द्या. २५-३० ग्रॅमला ७०-८० मिली कोमट पाणी, पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी लगदा केलात तर तो वास घेऊन निघून जाईल. चमचाभर पाण्यानं सुरुवात करा आणि दोन-दोन दिवसांनी वाढवा. दिवसाचं खाणं तीन-चार वेळांत वाटा. एकदम मोठं जेवण झालं की पोटात आम्ल जास्त तयार होतं आणि त्या बदल्यात लघवीचा पीएच काही तास चढतो. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये ओलं अन्न तासाभराच्या वर बाहेर राहू देऊ नका. उरलेला पाऊच झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि देताना कोमट करा, गार अन्नाला वास येत नाही आणि मांजर तोंड लावत नाही.

पाण्याची भांडी पसरट आणि काठोकाठ भरलेली हवीत. मातीची परळ चांगली. निमुळत्या वाटीत मिशा घासतात. घरात तीन ठिकाणी ठेवा, शी-शूच्या ट्रेपासून लांब. चव लावायची तर चिकनचं पाणी: पाव किलो चिकन एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, गार झाल्यावर वरची चरबी काढा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक-दोन खडे पाण्यात सोडायचे. त्यात मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. शेवटच्या दोन गोष्टी आपल्या भागात मुद्दाम सांगाव्या लागतात, कारण सातारा-सांगलीकडच्या रश्श्यात कांदा-लसूण मसाला असतोच. 'थोडा रस्सा भातावर' म्हणून जे घातलं जातं त्यातला कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. धुतलेली मटणाची फोडही नको, मसाला आत मुरलेला असतो.

सुकट बंद. टरफलासकट खाल्लेल्या सुकटीत मॅग्नेशियम, फॉस्फरस आणि मीठ तिन्ही भरपूर असतं. आठवड्यातून दोनदाच असली तरी विरघळवण्याच्या काळात ती अख्ख्या कोर्सवर पाणी फिरवते. दूध-चपातीही बंद. शंभर मिली म्हशीचं दूध म्हणजे जवळपास शंभर किलोकॅलरी, त्याच्या दिवसभराच्या गरजेच्या निम्म्याजवळ. आणि चपातीसारख्या धान्याच्या आहारानं लघवी अल्कधर्मी बाजूला झुकते, नेमकी स्ट्रुव्हाइटला हवी तशी. शाकाहारी घरांत हा मुद्दा अवघड होतो हे खरं, पण मांजराला टॉरिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर हृदय आणि डोळ्याचा पडदा दोन्ही जातात. पाऊच फोडून देण्याइतपत तडजोड बहुतेक घरं करतात.

घरी शिजवून पूर्ण आहार देता येईल का? खड्याच्या मांजराला नाही. नुसत्या उकडलेल्या चिकनमध्ये कॅल्शियम फॉस्फरसच्या मानानं फारच कमी असतं. अंड्याच्या टरफलाची पूड घालून ते भरायला गेलं की प्रमाण हाताबाहेर जातं. कोर्स संपल्यावर खाऊ म्हणून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांपर्यंत चालेल, म्हणजे १२-१५ ग्रॅम उकडलेलं बिनमिठाचं चिकन. तेवढंच.

लेबल वाचायचं तर कोरडं आणि ओलं फूड सरळ शेजारी ठेवून तुलना करू नका. समजा पाऊचवर ओलावा ८२ टक्के आणि मॅग्नेशियम ०.०१५ टक्के आहे. पाणी वगळून उरलेला भाग १८ टक्के. ०.०१५ ला १८ नं भागून १०० नं गुणलं की ०.०८३ टक्के येतं, आणि तो आकडा कोरड्याशी जुळवायचा. (कोरड्याचंही तसंच, ओलावा ८ टक्के असेल तर ९२ नं भागायचं.) 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' असा शब्द असेल तर ते पूर्ण अन्न नाही, खाऊ आहे. किलोवर मिळणारं सुटं फूड तर नव्या फूडवर पूर्ण गेलात की कायमचं बंद. कोणत्या कंपनीचं, कधी फोडलेलं, त्यात काय, काहीच कळत नाही, आणि पावसाळ्यात उघड्या पोत्यातल्या फूडला बुरशी लवकर धरते. औषधी फूडची दीड किलोची पिशवी घेतलीत तर मूळ पिशवीत, हवाबंद डब्यात ठेवा. ती संपायच्या दहा-पंधरा दिवस आधी पुढची मागवा. कुरिअर अडकला म्हणून चार दिवस जुन्यावर जाणं परवडत नाही.

फूड बदलताना सात ते दहा दिवस घ्या. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. विरघळवण्याचा कोर्स पूर्ण नव्यावर आल्या दिवसापासून मोजायचा. दवाखान्यातून आल्या आल्या, दुखतंय अशा अवस्थेत नवं फूड पुढे केलं तर त्याला त्या वासाचाच राग बसतो. तुमचे दहा दिवस होऊन गेलेत, आता सुरू करायला हरकत नाही. 'भूक लागली की खाईल' हा हट्ट मांजराशी करायचा नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून वेगळंच जीवघेणं दुखणं उभं राहतं. चोवीस तास तोंड लावलं नाही तर एक पायरी मागे या किंवा कंपनी बदला.

बोअरच्या पाण्याबद्दल. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, इकडे माण-खटावकडे पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरा थर बसतो, म्हणून संशय येणं साहजिक आहे. पण आकडे पाहा. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम कठीणपणा असलेल्या पाण्यात, सगळा कॅल्शियमचा धरला तरी, १६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. बोका १०० मिली प्यायला तर १६ मिलिग्रॅम. एक टक्का कॅल्शियम असलेल्या ६० ग्रॅम फूडमधून मात्र ६०० जातात. जड पाण्याची भीती घालून त्याचं पिणं कमी करणं हेच जास्त महागात पडेल. फिल्टरचं पाणी त्याला आवडत असेल तर जरूर द्या.

मूतखड्यावरचे घरगुती उपाय मांजरावर करू नका. हुलग्याच्या कढणाचा आणि गोखरूचा त्याच्या खड्यावर उपयोग नाही. पानफुटी तर विषारी आहे, तिच्यातली द्रव्यं मांजराच्या हृदयावर परिणाम करतात, कुंडीत असेल तर ती कुंडीही उचला. माणसांना लघवीच्या जळजळीवर मिळणारं अल्कलायझर सिरप लघवी अल्कधर्मी करतं आणि स्ट्रुव्हाइट वाढवतं. तापाच्या पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजर मारू शकते.

युरिनरी फूड प्रत्येकाला चालतंच असं नाही. यातल्या काहींत मांजरानं पाणी जास्त प्यावं म्हणून मीठ मुद्दाम वाढवलेलं असतं. किडनीचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्या मांजराला ते देण्याआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि शक्य तर रक्तदाब बघा. सात-आठ वर्षांपुढच्या कुठल्याही मांजराला ही तपासणी आधीच.

पाठपुरावा असा ठेवा. पूर्ण नव्या फूडवर गेल्यावर दोन आठवड्यांनी लघवी, गुरुत्व १.०३० च्या खाली आलं पाहिजे. १.०४५ असेल तर फूड बरोबर असूनही पाणी कमी पडतंय. नमुना घरी घेता येतो. ट्रे धुऊन त्यात फिश टँकची धुतलेली बारीक खडी घाला, तिच्यात लघवी मुरत नाही. सिरिंजनं ओढा आणि तासाभरात पोचवा. खडा असेल तर तीन-चार आठवड्यांनी एक्स-रे. खडा लहान झाला असेल तर चालू ठेवा आणि दिसेनासा झाल्यावर आणखी महिनाभर तेच फूड द्या. या टप्प्यावर बोक्याकडे जास्त लक्ष हवं, बारीक झालेला खडा नळीत सरकू शकतो. पाच-सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर एकतर तो ऑक्झलेटचा आहे, नाहीतर घरात कोणीतरी गुपचूप काही घालतंय. दुसरी शक्यता आधी तपासा, ऑपरेशन त्यानंतर. काढलेला खडा फेकू न देता विश्लेषणाला पाठवायचा, पुढचं फूड त्यावर ठरतं.

खडा गेल्यावर सांभाळण्याचं फूड आणि ओलं खाणं कायम. दर सहा महिन्यांनी लघवी. दिवाळीचे फटाके, घराची रंगरंगोटी, पाहुण्यांचा राबता अशा दिवसांत पाण्याची एक वाटी जास्त ठेवा आणि त्याला एक शांत खोली द्या, सुजेचा त्रास याच दिवसांत उलटतो.

घरात दुसरं मांजर असेल तर निरोगी मोठ्या मांजरानं सांभाळण्याचं फूड खाल्लं तरी बिघडत नाही, दोघांना एकच ठेवणं उलट सोपं जातं. वर्षाखालचं पिल्लू आणि गाभण किंवा पाजणारी भाटी यांना मात्र ते द्यायचं नाही. त्यांचं ताट दुसऱ्या खोलीत, दार लावून, आणि वीस मिनिटांनी उरलेलं उचलून.